तारेतली वीज आणि फुंकेतला वारा

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास जाझसारखा परका विषय कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला माझे उत्तर असे, की विषय परका असला तरी त्याच्या पोटात दडलेला प्रश्न आपल्या घरातलाच आहे. वाजवता वाजवता जन्मलेले संगीत कागदावर उतरविले आणि पंधरावीस माणसांच्या हाती दिले, तर ते जिवंत राहते काय? पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या, तेव्हापासून हा वाद आपण घालीत आलो आहोत. एक पक्ष म्हणतो, छापल्यामुळे विद्या राहिली. दुसरा म्हणतो, राहिला तो सांगाडा. मांस आणि रक्त गुरूच्या गळ्यातच होते. हाच वाद गेली पन्नास वर्षे युरोप-अमेरिकेतही एका निराळ्या संगीताच्या निमित्ताने चालला आहे, आणि तिथे तो ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने चालला असल्यामुळे दोन्ही पक्षांचा पुरावा आपल्याला घरबसल्या ऐकता येतो. तो पुरावा तपासून काय निष्पन्न होते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम पार्श्वभूमी. जाझ म्हणजे ढोबळ मानाने एक धून, तिच्याखाली स्वरसंघांची एक ठरलेली मालिका, आणि त्या मालिकेवर प्रत्येक वादकाने ऐन वेळी केलेला विस्तार. १९३० नंतरच्या दशकात हे संगीत मोठ्या वृंदांच्या हाती होते. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी ह्यांची नावे आपल्याकडेही मुंबईच्या हॉटेलांतून आणि तिथे वाजविणाऱ्या गोव्याच्या वादकांमुळे पोहोचली होती. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि मागे पियानो, गिटार, बेस व ड्रम, अशी साधारण त्या वृंदाची मांडणी. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर एवढा मोठा संसार पोसणे परवडेनासे झाले, आणि जाझ चार-पाच जणांच्या लहान मेळात शिरले.

त्याला विजेचा स्पर्श झाला तो साठाच्या दशकाच्या अखेरीस. १८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यू यॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस ह्या ट्रंपेटवादकाने आपल्यासमोर एक नव्हे, तीन पियानिस्ट विजेच्या वाद्यांवर बसविले: हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि व्हिएन्नाहून आलेला जो झाविनूल. गिटारवर होता इंग्लंडहून नुकताच आलेला जॉन मॅक्लॉक्लिन. झाविनूलने एक धून लिहून आणली होती, ‘इन अ सायलेंट वे’. लहानपणी ऑस्ट्रियात मेंढ्या राखल्या, त्या दिवसांची आठवण तिच्यात होती. तिच्याखाली त्याने स्वरसंघांची सुंदर रांग लावलेली होती. माइल्सने ती रांग जवळजवळ सगळीच काढून टाकली आणि खाली एकच स्वर धरून ठेवावयास लावला. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या कानाला ह्यात नवल वाटावयाचे नाही. पण जाझच्या दृष्टीने ही लहानशी क्रांतीच होती. शिवाय, निर्माते टिओ मासेरो ह्यांनी मागाहून फीत कापून सुरुवातीचाच भाग शेवटी पुन्हा जोडला. म्हणजे जी ‘रचना’ आपण ऐकतो ती कोणी लिहिलेली नाही आणि त्या क्रमाने कोणी वाजविलेलीही नाही. वादकांची उत्स्फूर्तता आणि कात्री ह्या दोघींनी मिळून ती घडविली.

त्या खोलीतून दोन मोठे प्रवाह निघाले. झाविनूलने सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि बेसवादक मिरोस्लाव्ह विटूश ह्यांच्याबरोबर ‘वेदर रिपोर्ट’ हा मेळ काढला, तर मॅक्लॉक्लिनने १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’. हे नाव त्याला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय ह्यांनी दिले होते. नाव ऑर्केस्ट्रा, माणसे मात्र पाच: एक इंग्रज, एक आयरिश, एक चेक, एक अमेरिकन आणि पनामात जन्मलेला ड्रमवादक बिली कोबम. दहा मात्रांची, अठरा मात्रांची आवर्तने ते वाऱ्याच्या वेगाने वाजवीत. ह्याच मॅक्लॉक्लिनने १९७५ च्या सुमारास झाकीर हुसेन, एल. शंकर, विनायकराम ह्यांच्यासह ‘शक्ती’ उभी केली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल.

आता मुद्दा असा, की हे संगीत मोठ्या वृंदासाठी पुन्हा लिहावयाचे म्हणजे अडचण कोणती? ‘वाद्ये बदलली, एवढेच’ असे म्हणून भागत नाही. माझ्या मते अडचणी तीन आहेत, आणि त्या नीट समजल्या तरच कोण जिंकला आणि कोण हरला हे ठरविता येते.

पहिली अडचण श्वासाची. सिंथेसायझरचा स्वर बोट उचलीपर्यंत चालू राहतो. त्याला फुप्फुस नाही. ट्रॉम्बोनवाल्याला आहे. विजेच्या वाद्यासाठी सुचलेला लांबलचक वाक्यांश फुंकेच्या वाद्यांना दिला, की मध्ये कुठेतरी श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की वाक्याचा अर्थ बदलतो. कविता म्हणताना विराम चुकीच्या जागी आला तर काय होते, हे आपण जाणतोच.

दुसरी अडचण खुंट्यांची, म्हणजे त्या यंत्रांवरच्या बटनांची. त्या काळच्या संगीतात अर्धे काम स्वर करीत आणि अर्धे काम स्वराची झालेली विकृती. पियानोचा आवाज फितीच्या यंत्रातून काढून त्याचे पडसाद पाडावयाचे, गिटारचा आवाज मुद्दाम फाटू द्यावयाचा, सुराला चाकाने वाकवावयाचे. हे सारे स्वरलिपीत कसे लिहिणार? लिहिणारा जाणता असेल तर पडसाद दुसऱ्या-तिसऱ्या ट्रंपेटला क्रमाने वाटून देतो. फाटलेल्या आवाजासाठी शेजारशेजारचे स्वर एकदम वाजवावयास लावतो किंवा ट्रंपेटच्या तोंडाशी टोपी धरावयास सांगतो. वाकलेला सूर ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीकडे सोपवितो. अजाण असेल तर नुसती धून उतरवितो, आणि मग लग्नाच्या वरातीतल्या बँडासारखे काहीतरी कानी येते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पाच जण एकमेकांकडे पाहत वाजवितात तेव्हा पुढच्या क्षणी काय होईल हे त्यांनाही ठाऊक नसते. अठरा जणांना ते ठाऊक असावेच लागते, नाहीतर गोंधळ होतो. म्हणजे ज्या अनिश्चिततेत ह्या संगीताचे प्राण होते, तीच पहिल्यांदा जाते.

पहिला मोठा प्रयत्न मॅक्लॉक्लिनने स्वतःच केला. १९७४ सालच्या ‘अपोकॅलिप्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या नव्या मेळाबरोबर लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, संचालक मायकेल टिल्सन थॉमस आहेत, वाद्यमेळाचे लेखन मायकेल गिब्ज ह्यांचे आहे आणि निर्माते बीटल्सचे जॉर्ज मार्टिन. इतकी मोठी नावे एका जागी आल्यावर अपेक्षाही मोठी होते. ती पुरी होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. व्हायोलिनांचे गालिचे फार सुरेख आहेत. पण मेळ वाजू लागला की गालिचा गुंडाळला जातो, आणि मेळ थांबला की पुन्हा अंथरला जातो. दोन उत्तम यजमान एकाच घरात आळीपाळीने पाहुण्यांचे स्वागत करीत आहेत, असा भास होतो. मुख्य म्हणजे तालाचे ओझे सिंफनीच्या खांद्यावर कधी पडतच नाही. ते सारे ड्रमवाल्याने वाहावयाचे. ऑर्केस्ट्राला काम दिले ते शोभेचे, आणि ज्याला शोभेचे काम दिले त्याच्याकडून जिवाची बाजी लागावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये अगदी उलट तऱ्हेचा प्रयोग झाला. गिल इव्हान्स तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. पन्नाशीच्या दशकात माइल्ससाठी ‘माइल्स अहेड’ आणि ‘स्केचेस ऑफ स्पेन’सारखे हळुवार वृंदलेखन करून त्याने नाव मिळविले होते. ह्या गृहस्थाने जिमी हेंड्रिक्स ह्या १९७० मध्ये ऐन तारुण्यात वारलेल्या गिटारवादकाची गाणी मोठ्या वृंदासाठी घेतली. हेंड्रिक्स काही जाझवाला नव्हे. पण विजेच्या गिटारला त्याने जी भाषा दिली तिच्यावाचून पुढचे फ्यूजन झाले नसते. ‘वूडू चाइल’ ह्या गाण्याचा मुखडा ह्या मुद्रिकेत कोणी घेतला असेल? ट्यूबाने! वृंदातले सर्वांत अवजड, सर्वांत खर्जातले पितळी वाद्य. ती कल्पना, तो तर्जुमा आणि ते वादनही हॉवर्ड जॉन्सन ह्या वादकाचे. हे ऐकताना प्रथम हसू येते आणि मग हसू थांबते. गिटारच्या किंचाळीची नक्कल करण्याऐवजी त्या गाण्यातला खोल, जडशीळ आक्रोश त्याने हुडकून काढला. नक्कल टाळली म्हणूनच गाणे हाती लागले. इव्हान्सच्या वृंदलेखनात सैलपणाही पुष्कळ आहे. कोणी उशिरा येतो, कोणी रेंगाळतो. शिस्तप्रिय श्रोत्याला ते खटकेल. मला वाटते, तिसऱ्या अडचणीवर त्याने शोधलेला तो उपाय होता: पंधरा-सोळा जणांच्या गर्दीतही पुढे काय होईल ते कोणालाच पक्के ठाऊक नसावे.

ह्यानंतर ज्या मुद्रिकेने हा वाद माझ्यापुरता निकालाजवळ आणला ती म्हणजे झाविनूलची ‘ब्राउन स्ट्रीट’. ऑक्टोबर २००५ मध्ये व्हिएन्नातल्या त्याच्या स्वतःच्या ‘बर्डलँड’ ह्या क्लबात, श्रोत्यांसमोर, ही मुद्रित झाली. वृंद कोलोनच्या पश्चिम जर्मन रेडिओचा. लेखन अमेरिकन संयोजक व्हिन्स मेंडोझा ह्यांचे. आणि जुन्या मेळातले बेसवादक व्हिक्टर बेली व तालवादक अ‍ॅलेक्स अकुन्या सोबतीला. सत्तर ओलांडलेला झाविनूल स्वतः आपल्या वाद्यांच्या वेढ्यात बसलेला. बहुतेक रचना वेदर रिपोर्टच्याच काळातल्या.

ही मुद्रिका ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. झाविनूलची रचना करण्याची रीत अशी, की तो एकटा बसून मनास येईल ते वाजवी, ते फितीवर घेई, आणि मग त्यातले हवे ते स्वर न् स्वर कागदावर उतरवी. म्हणजे उत्स्फूर्त संगीत कागदावर आणणे हे कोणी मागाहून केलेले पाप नव्हतेच. ते पहिल्या दिवसापासूनच तिथे चालले होते. आणि तो वाजवी तेव्हा त्याच्या दहा बोटांत एक काल्पनिक वृंद असे. १९५९ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर थोड्याच अवधीत तो मेनर्ड फर्ग्युसनच्या मोठ्या वृंदात शिरला होता. तो नाद त्याच्या कानातून कधी गेला नाही. १९७७ ची त्याची सर्वांत गाजलेली रचना ‘बर्डलँड’ ही न्यू यॉर्कच्या त्या नावाच्या जुन्या क्लबची आठवण आहे. तिचे तुकडे एकावर एक रचले जातात ते थेट काउंट बेसीच्या वृंदाच्या थाटात. पुढच्याच वर्षी फर्ग्युसनने ती आपल्या वृंदाकरवी वाजविली, यात आश्चर्य ते काय? वृंदाची नक्कल यंत्राने केली होती. आता वृंदाने आपले उसने परत घेतले.

मेंडोझाला हे कळले आहे, ही त्याची थोरवी. ‘अ रिमार्क यू मेड’ हे संथ गीत घ्या. १९७७ च्या मूळ मुद्रिकेत शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि जाको पास्टोरियसचा पडदे नसलेला बेस ह्यांचे जे संभाषण आहे, ते पुन्हा होणे नाही; दोघेही आज हयात नाहीत. मेंडोझा ते पुन्हा करावयास जातही नाही. तो भोवतालची हवा लिहितो. सिंथेसायझरने जिथे एक सलग पडदा सोडला होता तिथे आता श्वास घेणारी माणसे आहेत, आणि त्यांचा श्वास लपविण्याऐवजी तो गाण्याच्या चालीतच बसविला आहे. पहिली अडचण इथे सुटली; इतकेच नव्हे, तिचे भूषण झाले.

‘ब्लॅक मार्केट’ची गोष्ट आणखी मौजेची. १९७६ साली ही धून बांधताना झाविनूलने आपल्या सिंथेसायझरची पट्टी उलटी करून घेतली होती. उजवीकडे जावे तो सूर खाली यावा! वर्षानुवर्षांच्या सवयीने बोटे जिथे आपोआप जातात तिथे ती जाऊ नयेत, म्हणून केलेली ही युक्ती. त्यातून निघालेली धून सरळ हाताला सहसा सुचली नसती. ती आता सरळ वाद्ये वाजविणारे लोक वाजवितात. यंत्राच्या एका खोडीतून जन्मलेले वळण माणसांच्या ओठांवर बसले. स्वरलिपीने काही मारले असेल, पण हे मात्र तिने जगविले.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही. वेदर रिपोर्टचा सुरुवातीचा बाणा असा, की तिथे कोणी एकटा पुढे येत नसे आणि सगळेच पुढे असत. एकाने आलापी करावी आणि बाकीच्यांनी साथ धरावी, ही जाझची जुनी वतनदारी त्यांनी मोडली होती. मोठ्या वृंदात ती हळूच परत आली. एक जण उभा राहतो, आपला विस्तार करतो, टाळ्या घेतो, खाली बसतो, मग दुसरा. वाजविणारे तयारीचे आहेत, टाळ्याही योग्यच आहेत; पण एक सामाजिक करार बदलला आहे. जलद रचनांत हे अधिक जाणवते. जुन्या मेळात दोन स्वरांमधल्या रिकाम्या जागेला वजन असे. इथे ती जागा दिसली, की पितळी वाद्ये तिथे चपराक देतात. घरात पाहुणे फार झाले की अंगण उरत नाही, तसे काहीसे. म्हणून मी ह्या मुद्रिकेतल्या संथ रचनांना पहिला मान देईन आणि जलद रचनांना दुसरा.

हे सारे घडू शकले त्यामागे एक रोकडे कारण आहे. जर्मनीत कोलोन, हँबुर्ग, फ्रँकफुर्ट, स्टुटगार्ट येथील सार्वजनिक रेडिओंनी आपापले पगारी जाझ-वृंद राखले आहेत. महाविष्णूच्या रचनांचाही वृंदावतार फ्रँकफुर्टच्या रेडिओनेच कॉलिन टाउन्सकडून लिहवून घेतला, खुद्द कोबमला ड्रमवर बसवून. हँबुर्गच्या वृंदाबरोबर २०११ मध्ये ‘ट्वेंटी-वन स्पायसेस’ ही मुद्रिका केली ती आपल्या मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंनी. शोभाताई गुर्टूंचे हे चिरंजीव मॅक्लॉक्लिन आणि झाविनूल ह्या दोघांबरोबरही वाजवून चुकलेले. आईच्या ठुमरीचा लडिवाळपणा आणि तबल्याची गणिते ज्याच्या रक्तात आहेत, अशा माणसाला अठरा जर्मन वादक तालासुरात साथ देतात, त्याला कारण त्या वादकांच्या महिन्याच्या पगाराची चिंता रेडिओ वाहतो.

आपणही ह्या वाटेला गेलो नव्हतो असे नाही. १९५२ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद उभारून तो पंडित रविशंकरांच्या हाती दिला होता. १९५८ मध्ये गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ काढून रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वृंदाकडून वाजवून घेतल्या. चित्रपटसंगीतात त्यांच्यासारख्या गोवेकर संयोजकांनी किती लिहिले ह्याला गणती नाही. त्यांच्यामागे कोलोनसारखी संस्था उभी राहिली असती, तर आज आपल्याला उदाहरणे व्हिएन्नाहून आणावी लागली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. झाविनूल ११ सप्टेंबर २००७ रोजी गेला, व्हिक्टर बेली २०१६ मध्ये, शॉर्टर २०२३ मध्ये. ज्यांच्या हातांत हे संगीत होते ते हात एकेक करून नाहीसे होत आहेत. मागे राहतात त्यांच्या मुद्रिका आणि मेंडोझासारख्यांचे कागद. मुद्रिका ऐकता येते, तिच्यात सामील होता येत नाही. कागद मात्र एखाद्या शहरातल्या वीस वर्षांच्या मुलांपुढे ठेवता येतो, आणि ती मुले त्यावरून चुकत, अडखळत वाजवू शकतात. सांगाडा म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांनी हे विसरू नये, की आपली बंदिशसुद्धा चार ओळींचा सांगाडाच आहे. तिच्यात गायकाने शिरावयास जागा ठेवली आहे म्हणून ती शतकभर टिकते. तेव्हा अशा वृंदलेखनाला माझी कसोटी एवढीच: लिहिणाऱ्याने जागा ठेवली आहे काय? ‘अपोकॅलिप्स’मध्ये ती नाही. इव्हान्सने ती उदारपणे, कधी कधी उधळेपणानेही ठेवली. मेंडोझाने संथ रचनांत ठेवली, जलद रचनांत बुजविली.

दिवाळीच्या सुटीत ज्यांना ऐकण्याची इच्छा होईल त्यांनी ‘इन अ सायलेंट वे’पासून आरंभ करावा. आधी माइल्सची, खाली एकच स्वर धरलेली. मग १९७१ च्या मुद्रिकेतली झाविनूलची स्वतःची. आणि शेवटी ‘ब्राउन स्ट्रीट’मधली. घरातल्या मुलांनाही बरोबर बसवावे. त्यांना सिंथेसायझरचे नवल नाही; पण तीच धून एकदा तारेतून आणि एकदा माणसांच्या छातीतून आली म्हणजे काय होते, ते त्यांनी ऐकलेले असावे.